नववं भोक

वडिलांनी अ‍ॅक्रिलिकची पाटी
सौनाच्या खालच्या फळीवर ठेवली आहे,
टॉवेल अंथरून, पाहुण्याला बसवावं तशी.
केमीत आज उणे सव्वीस.
दुकानापासून घसरगाडीवर बांधून आणताना
तिच्यात थंडी शिरली आहे, म्हणतात,
आत्ता ड्रिल लावलं तर नुसत्या धाकानं फुटेल.

तोवर आम्ही कॉफी पितो.
ओइवा केत्तुनेन, वय एकोणऐंशी,
कागद गिरणीत छत्तीस वर्षं फिटर.
अंगठ्याला अजून गिरणीतल्या सवयी आहेत:
बिटाची धार तो नेहमी आधी बोथट करतो.
(प्लास्टिकला धारदार बिट चावतं, इंका,
आपल्याला खरवडायचंय, चावायचं नाही.)

रेडिओ राउनोकाकांसाठी आहे.
हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
पण आठ भोकांपैकी एक
कानातल्या यंत्राच्या वायरीचं आहे,
आणि आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

बेटावरची लाकडी खोली विकून अकरा वर्षं झाली.
कोणी विकली, कोणाला विचारून विकली,
दोन भावांकडे याची दोन उत्तरं आहेत.
मधे समुद्र. हिवाळ्यात तो इतका गोठतो
की त्यावरून ट्रक जातात.

पाटी कोमट झाली.
दोन्ही अंगांना कागदी चिकटपट्टी,
पट्टीवर पेन्सिलीच्या फुल्या,
खाली भंगार फळी, चारी कोपरे शिकंज्यात.
फुलीवर हातोडी नाही, फक्त टोच्या, हातानं फिरवलेला.
आधी तीन मिलिमीटर.
मग पायरीचं बिट, शंकूसारखं,
एकेक पायरी उतरायची, थांबायचं, उचलायचं.
पांढरी वेटोळी वर येतात,
साबणाच्या पाण्यात बुडतात.
वेग वाढवला की ती वितळून काठाला डिंकासारखी चिकटतात,
म्हणून वडील ड्रिलशी बोलतात,
हळू, हळू, असं,
माझ्याशी लहानपणी कधी बोलले नाहीत
तितक्या मऊ आवाजात.

सात भोकं उत्तम.
काठावरून बोट फिरवलं तर बोटाला काही कळत नाही.

आठव्याला माझी पाळी.
मी शेवटच्या पायरीला घाई केली.
बिटानं पाटी धरली, पाटीनं आवाज केला,
बर्फावर पाऊल पडतं तसा,
आणि भोकातून एक केस निघाला,
कोपऱ्याकडे, उजेडात चमकत.

मी म्हणाले, नवी पाटी आणते.
ते म्हणाले, दुकान बंद झालं. दोन मिलिमीटरचं दे.
चष्मा कपाळावर नेऊन
नाक पाटीला टेकेल इतके वाकले,
तड्याचं टोक शोधलं,
आणि बरोबर त्या टोकावर
एक बारीक भोक पाडलं.

तडा टोकानं पुढे सरकतो, म्हणाले.
टोक काढून घेतलं की त्याच्या हातात काही राहत नाही.
गोल जागेत कुठून सुरू करणार?

मी तीन दिवस पाटीकडे बघत होते.
केस तिथेच. भोकापर्यंत.

लेबलं मीच चिकटवली:
आवाज. सूर. लांब लहर. आखूड लहर.
नवव्यासाठी शब्द सुचला नाही.
वडील म्हणाले, मोकळं सोड,
हवा जाईल.

फेब्रुवारीत बर्फाच्या रस्त्यावरून मी रेडिओ नेऊन दिला.
काकांनी दारातच घेतला.
कॉफी विचारली नाही, पण माझे बूट बघून म्हणाले,
हे ओले आहेत.

मार्चमध्ये फोन आला, रात्री, हवामानाच्या बातम्यांनंतर.
वडिलांनी उचलला आणि बराच वेळ गप्प होते.
मला पलीकडचं ऐकू येत होतं,
काका बहिऱ्या माणसासारखे ओरडून बोलतात.

ते डावीकडचं बारीक भोक कशाचं आहे?

चीर गेली होती.

कुठपर्यंत?

भोकापर्यंत.

मग दोघेही
बर्फ किती इंच जाड आहे यावर भांडू लागले.